पट्टा एक दात सरकला तर…

परवापर्यंत क्रेट भरून घाट चढणारी गाडी गॅरेजातून टायमिंग बेल्ट बदलून आणली, आणि तेव्हापासून तिची ओढच गेली. सेल्फ दोनदोनदा मारावा लागतो, जागेवर उभी असताना थरथरते, डिझेल-पेट्रोल जास्त खाते. मिस्त्री सांगतो, “इंजिन बसलं, काम काढावं लागेल.” असे झाले तर इंजिन खोलायला लगेच होकार देऊ नका.

पाणी भरताना दारे धरणारा माणूस असतो ना, तसे इंजिनात कॅमशाफ्टचे काम आहे. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप त्याने वेळेवर उघडायची व मिटायची. खाली क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. दोघांना बांधून ठेवतो तो दातेरी पट्टा किंवा साखळी. क्रँकच्या पुलीला २० दात असतील, तर पट्टा एका दाताने चुकीचा बसला की १८ अंशांचा फरक पडतो. मोटर जोरात चालू आहे, पण दारे मोडणारा उशिरा येतोय, असा तो प्रकार. गाडी चालते, पण जीव नसल्यासारखी.

आता ओळखायचे कसे? पेट्रोल गाडी असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायला सांगा. एकाच सिलिंडरचे कमी भरले तर दोष त्या सिलिंडरचा. सगळ्यांचेच सारखे कमी भरले तर दोन संशय: रिंगा झिजल्या किंवा टायमिंग चुकले. सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चांगला वाढला तर रिंगा. तसाच राहिला तर संशय झडपांवर आणि टायमिंगवर.

खरा निकाल मात्र खुणांवरच लागतो. कव्हर काढून, इंजिन पान्याने हाताने, चालते त्याच दिशेने फिरवून क्रँकची खूण जुळवायची आणि कॅमची खूण पाहायची. खुणा कुठे असतात ते गाडीगणिक वेगळे. त्या गाडीचे पुस्तक पाहावे. इथे पुष्कळ जण फसतात. क्रँकची खूण दर फेऱ्याला जुळते, कॅमची दोन फेऱ्यांत एकदा. कॅमची खूण भलतीकडे दिसली तर आधी क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या, मगच दोष ठरवा. नवीन पट्टा चढवल्यावरही दोन फेरे हाताने देऊन खुणा पुन्हा तपासल्याच पाहिजेत. फिरवताना मध्येच अडले तर जोर लावू नये, झडप पिस्टनला टेकत असेल.

अलीकडच्या गाड्यांत संगणक असतो. तो पी००१६ असा कोड दाखवतो, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ नाही. पण नुसत्या कोडवर विसंबू नका. सेन्सर किंवा वायर खराब असली तरी तो येतो.

चालत्या गाडीचे इंजिन एकदम बंद पडले, आणि सेल्फ मारला की नेहमीचा अडखळता ठेका न येता नुसती हलकी घर्र ऐकू आली, तर पट्टा तुटला असावा. पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलून तर नकोच. पुष्कळ इंजिनांत उघडी झडप पिस्टनला धडकून वाकते, आणि पट्ट्याचा खर्च हेडच्या खर्चावर जातो. गाडी टोचन लावून न्या, पण गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून.

साखळीवाली गाडी पहाटे थंडीत चालू करताच काही क्षण खडखडत असेल, तर साखळी ढिली झाली किंवा तिचा टेन्शनर थकला. बऱ्याच गाड्यांत हा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल बदलायची टाळाटाळ केली की आधी झीज होते ती इथे.

पट्टा बदलला की जुना पट्टा मिस्त्रीकडून मागून घ्या आणि उलटा करून पाहा. दातांवर ऑइल चोपडलेले दिसले, तर जवळचे एखादे सील गळते आहे. ते न बदलता कव्हर लावू देऊ नका.