मागून आणलेली फांदी

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अकोला-अमरावतीकडच्या गच्च्यांवरील कितीतरी कुंड्या तेव्हा ओस पडतात आणि पावसाळा लागताच तीच रोपे पुन्हा विकत आणली जातात. वस्तुतः जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, कोरफड ही झाडे शेजारीपाजारीच असतात. त्यांपासून नवे रोप करण्यास पैसा लागत नाही.

७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. दोन-तीन चांगले पाऊस होऊन हवा दमट झाली की फांदी लावावी. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची फांदी तिरपी कापावी, खालची पाने काढावीत व ती निम्मी मातीत खोचावी. आपल्याकडील काळी माती पाणी धरून ठेवते आणि फांदी कुजते. म्हणून तीत तितकीच वाळू व थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडी नसल्यास तळाला भोके पाडलेला तेलाचा डबा चालतो. महिनाभर तो सावलीत ठेवावा. मुळे फुटली का, हे पाहण्यासाठी फांदी उपटू नये. मोगऱ्याची फांदी न कापता वाकवून मातीत दाबावी व मुळे धरल्यावर वेगळी करावी. कोरफडीची पिल्ले, कढीपत्त्याच्या बुडाशी फुटलेले रोप अलगद काढून लावता येते. पानफुटीचे तर एक पान पुरते.

मात्र फुकट घेणे आणि न विचारता घेणे यांत मोठे अंतर आहे. पहाटे कुंपणाबाहेर आलेली फांदी मोडून नेणाऱ्यास वाटते, फांदीच तर आहे! परंतु न दिलेले घेणे हे अदत्तादानच. तेथे वस्तूचे मोल पाहिले जात नाही. शिवाय ओढून मोडल्याने साल सोलली जाते आणि त्या जखमेतून रोग शिरतो. त्याच घराची कडी वाजवून मागितले, तर घरधनी स्वतः कात्री आणतो आणि कोणती फांदी जून आहे, तेही दाखवितो.

या मुलखात पुढच्या वैशाखात कोणाचे झाड वाचेल, हे सांगता येत नाही. देणाऱ्याचेच झाड वाळले, तर त्याची फांदी घेणाऱ्याच्या घरून परत जाऊ शकते. एक झाड चार घरी असणे, हीच त्याची सुरक्षित ठेव होय; आणि ती मागून नेलेल्या फांदीचीच होते, कारण चोरून नेलेली फांदी परत कोणाच्या दारी न्यावी?