नाव पाटीवर नको, वहीत हवे



बातमीखाली कुणाला चार ओळी लिहायच्या असतील तर त्याने खरे, पूर्ण नाव लावलेच पाहिजे, आधार कार्ड पाहूनच लिहू द्यावे, असे आजकाल पुष्कळ जण म्हणतात. आमच्याकडे हेही तेच म्हणतात. "ज्याला नाव लावायची लाज वाटते त्याने लिहूच नये," हे यांचे ठरलेले वाक्य. ऐकायला बरोबर वाटते. मोबाइलवर बातमी उघडली की खाली जी घाण वाहत असते ती वाचून कुणाचेही मत तसेच होईल. मुलीने मनाने लग्न केल्याची बातमी असो की परीक्षेत पहिली आलेल्या मुलीचा फोटो, खाली लिहिणारे कुणालाच सोडत नाहीत. आपल्या अठरा पापस्थानांत अभ्याख्यान, पैशुन्य आणि परपरिवाद ही तीन वेगवेगळी मोजली आहेत. खोटा आळ घेणे, चहाडी करणे, दुसऱ्याची निंदा करणे. तिन्ही एकाच बातमीखाली दहा मिनिटांत सापडतात.

तरीही खऱ्या नावाच्या सक्तीला माझा विरोध आहे.

नाव लावले की माणूस जपून लिहितो, हे मला कुठे दिसलेले नाही. १ सप्टेंबर २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. त्यानंतर कितीतरी महिने आरक्षणाच्या बातम्यांखाली एकमेकांच्या जातींवरून जे लिहिले गेले ते मी वाचले आहे. त्यात खोट्या नावाचे होते, पण खऱ्या नावाने, लग्नातला फोटो आणि गावाचे नाव लावून शिव्या देणारेही काही कमी नव्हते. त्यांना लाज कशाची वाटावी? त्यांच्या माणसांत त्या शिव्यांना शाबासकीच मिळत होती.

दक्षिण कोरियाने हा प्रयोग करून पाहिला आहे. २००७ पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी नागरिक क्रमांक देऊन ओळख पटवावी लागे. २०११ मध्ये तिथल्या दोन संकेतस्थळांवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २३ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांच्या घटना न्यायालयाने हा कायदाच एकमताने रद्द केला. आधार कार्ड मागणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

पण माझा खरा मुद्दा कोरियाचा नाही, आपल्या नावाचा आहे. पुरुषाचे नाव त्याचे असते. आपले पूर्ण नाव लिहून पाहा. पहिला शब्द आपला, दुसरा यांचा, तिसरा सासरचा. म्हणजे मी बातमीखाली एक ओळ लिहिली की तिच्याखाली सही तिघांची होते. आणि आपल्याकडे आडनाव म्हणजे नुसते आडनाव नाही. जालन्यात आडनाव ऐकले की समोरचा धर्म, धंदा आणि बऱ्याचदा मोंढ्यातले दुकानही सांगतो. सोयाबीनच्या भावाच्या बातमीखाली आपल्यापैकी कुणी काही लिहिले की पहिले उत्तर येते, "तुम्ही व्यापारी, तुम्ही बोलूच नका." काय लिहिले आहे ते वाचलेलेही नसते.

आमच्या ओळखीतल्या एका सुनेने एकदा पाण्याच्या बातमीखाली पूर्ण नावानिशी लिहिले. नळाला किती दिवसांनी पाणी आले, कोणत्या तारखेला आले, किती वेळ टिकले, एवढेच. शिवी नाही, आरोप नाही. घरचा हिशेब असावा तसे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ तिच्या सासऱ्यांच्या दुकानात येऊन बसले, चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "शेठजी, सूनबाई फार लिहायला लागल्या." बस, एवढेच. धमकी म्हणावी तर धमकी नाही, आणि नाही म्हणावे तर सासऱ्यांना रात्री जेवण गेले नाही. सुनेला घरात कुणी रागावलेही नाही. पण ती पुन्हा कधी लिहायला गेली नाही. पाण्यासाठी रात्री दोन वाजता मोटार लावायला उठते तीच, आणि पाण्याबद्दल बोलायचे मात्र तिने सोडून.

नावावरून घर सापडते ते असे. पालघरचे प्रकरण तुम्हाला आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या फक्त पसंत केल्या. दोघींना अटक झाली आणि त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. काकांनी काय लिहिले होते? काहीच नाही. ज्या कलमाखाली मुलींना धरले, त्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाला श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. छान झाले. पण न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दोन वर्षे जातात, आणि जमाव त्याच दिवशी येतो.

हे सगळे मोबाइलमुळे सुरू झाले असेही नाही. २६ जून १८८५ रोजी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर एक पत्र छापून आले. खाली नाव नव्हते, सही होती 'एक हिंदू स्त्री'. सप्टेंबरात दुसरे पत्र आले, विधवांवर लादलेल्या जिण्यावर. लिहिणारी होती रखमाबाई. वय वीस. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजींशी लावून दिले होते, ती नांदायला गेली नाही, आणि पत्र छापले गेले तेव्हा "बायकोला माझ्या घरी पाठवा" हा दादाजींचा दावा मुंबई उच्च न्यायालयात चालू होता. त्या पत्राखाली रखमाबाईने स्वतःचे नाव घातले असते तर लोकांनी पत्र वाचले असते का? नवऱ्याशी भांडणाऱ्या बाईची तक्रार म्हणून बाजूला टाकले असते. नाव नव्हते म्हणून लोकांना बालविवाहावर बोलावे लागले. पुढे प्रकरण गाजले, केसरीने तिच्यावर कडक टीका केली. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन दादाजींशी तडजोड झाली. मग ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, सुरतेला दवाखाना सांभाळला. तिच्या त्या पत्रांना भित्रेपणा म्हणायची माझी तरी छाती नाही.

पुरुषांनाही आडोसा लागतच होता. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये त्यांनी शंभरावर पत्रे लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाने.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या घाण लिहिणाऱ्यांचे काय? मी कॉमर्सची पदवीधर. चाळीस वर्षे हिशेब घरचेच लिहीत असले तरी दोन शब्दांतला फरक विसरलेले नाही. निनावी वेगळे आणि बेनामी वेगळे. बेनामी म्हणजे माल एकाचा आणि कागदावर नाव दुसऱ्याचे. एकच माणूस वीस खाती काढतो, त्यातल्या पाचांवर बायकांचे फोटो लावतो आणि वीस जणांचे मत म्हणून एकट्याचे विष ओततो, ते बेनामी. रखमाबाई निनावी होती. बोलणारी ती एकच, मत तिचेच, फक्त चेहरा झाकलेला. दोन्हींना एकाच काठीने झोडपणे मला पटत नाही.

आणि धमकीचे म्हणाल तर तिचा कायदा जुनाच आहे. ओळख लपवून धमकी दिली तर साध्या धमकीपेक्षा दोन वर्षांपर्यंत जास्त शिक्षा, हे दंड संहितेच्या ५०७ कलमात इंग्रजांच्या काळापासून होते. आता न्याय संहितेत ते ३५१ व्या कलमात आहे. वापरायला हवा, एवढेच.

मला मार्ग सुचतो तो आपल्या पावती पुस्तकातला. गुप्तदान आपल्याला नवीन नाही. पाटीवर 'एक सद्गृहस्थ' असे लिहिलेले असते, पण पेढीवरच्या मुनीमजींच्या वहीत नाव, गाव, रक्कम सगळे असते. आयकर खात्याचेही हेच म्हणणे होते. दवाखाने, शाळा चालवणाऱ्या ट्रस्टांसाठी २००६ साली आयकर कायद्यात ११५बीबीसी हे कलम आले. ट्रस्टने देणाऱ्याचे नाव-पत्ता नोंदवून ठेवला नसेल तर ती देणगी निनावी धरायची, आणि ठराविक मर्यादेपलीकडे तिच्यावर ३० टक्के कर. पाटीवर नाव आहे की नाही हे कायदा विचारत नाही, वहीत आहे का ते विचारतो. किती शहाणपणाची व्याख्या आहे पाहा!

वर्तमानपत्रेही हेच करत आली. वाचकांच्या पत्राबरोबर नाव-पत्ता मागायचे, आणि 'नाव छापू नये' असे लिहिले तर छापायचे नाहीत. संपादक पत्र वाचायचा, नको ते कापायचा, शंका आली तर विचारायचा. १८६७ च्या कायद्याने संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे अंकावर छापावी लागत. म्हणजे पत्र निनावी असले तरी त्याला जबाबदार माणूस होताच. आज बातमीखाली जो गोंधळ चालतो तिथे लिहिणाऱ्याचे नाव नाही हे दुखणे नाहीच. आधी वाचून पुढे सोडणारा कुणी नाही, हे आहे. माणूस ठेवला तर पगार द्यावा लागतो. भांडण पेटले तर लोक पुन्हा पुन्हा पान उघडतात, त्यावर जाहिरात मिळते. हा हिशेब कळायला पदवी लागत नाही. स्वतःचा खर्च वाचवायचा आणि आमच्याकडे आधार कार्ड मागायचे, हा कुठला न्याय?

एक अडचण मी नाकारत नाही. छोट्या गावात संपादक आणि ज्याच्याविरुद्ध लिहायचे तो माणूस एकाच लग्नात शेजारी जेवायला बसतात. वहीतले नाव पंगतीत फुटायला वेळ लागत नाही. म्हणून वही ठेवणाऱ्याने न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती कुणापुढे उघडू नये, आणि उघडली तर त्याला शिक्षा असावी. वकील आपल्या अशिलाचे सांभाळतात, डॉक्टर रुग्णाचे सांभाळतात, तसेच.

आमच्या गल्लीतल्या नऊ जणींनी मिळून मागे एका वर्तमानपत्राला पाण्याबद्दल पत्र पाठवले. पत्राबरोबर वेगळ्या कागदावर नऊही जणींची नावे, पत्ते, फोन क्रमांक दिले, आणि सही 'काही गृहिणी' एवढीच छापावी अशी विनंती केली. त्यांच्या माणसाने मला फोन करून दोन तारखा पुन्हा विचारून घेतल्या, एक वाक्य काढू का म्हणाला. मी काढू दिले. ते जरा रागाचेच होते. चौथ्या दिवशी पत्र छापून आले. त्या आठवड्यात कुणाच्याही दुकानात कुणी चहा प्यायला आले नाही. पाणी मात्र अजून पूर्वीइतक्याच दिवसांनी येते, म्हणून दुसरे पत्र लिहायला घेतले आहे. या वेळी चौदा जणी आहोत.