डिस्कार्ड म्हणजे पान टाकणे

गेल्या उन्हाळी सुट्टीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने दोनेकशे मराठी पुस्तके काढून टाकण्याचे ठरवले. इंग्रजी यादीवर 'डिस्कार्डेड' असा शिक्का होता, मराठी प्रतीवर 'निर्लेखित'. शिवाजी पेठेतील एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही काहीजण ती यादी वाचत बसलो आणि पुस्तकांआधी वाद झाला तो शब्दांवरूनच.

'डिस्कार्ड' हा मुळात पत्त्यांच्या डावातला शब्द. हातातले नकोसे कार्ड टाकणे, एवढाच त्याचा अर्थ. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत रुळला आणि लवकरच माणसांनाही लागू झाला. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला माल्व्होलिओ समोरच्यांना याच शब्दाने झटकून टाकतो. 'कार्ड'च्या मागे लॅटिन 'चार्टा' आणि त्याच्याही मागे ग्रीक 'खार्टेस', म्हणजे पपायरसचा ताव. लिहिण्याचे पान आणि खेळण्याचे पान तिथे एकाच कुळातले.

मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्याकडे झाडाचे, पुस्तकाचे आणि पत्त्यांचे, तिन्हींचे 'पान'च. पेठेत तालमीच्या कट्ट्यावर रमीचा डाव बसला की 'पान टाक' हे 'डिस्कार्ड'चे नेमके भाषांतर ऐकू येते. परिभाषाकोश उघडावा लागत नाही. आणि त्या खेळात एक मर्म आहे. पान टाकणारा हातातली सगळी पाने पाहून मगच एक टाकतो. न पाहता टाकणाऱ्याला पुन्हा कोणी डावात घेत नाही. शिवाय टाकलेले पान उघडे पडते आणि पुढचा भिडू ते उचलू शकतो.

'निर्लेखन' हा हिशेबातला शब्द. त्यात पुस्तक कुठेच नाही. दाखल नोंदवहीतली नोंद खोडली की काम संपले. मग उरते ती रद्दी. 'रद्दी'चे मूळ अरबी 'रद्द', म्हणजे परतवणे, नाकारणे. गंमत अशी की दुसऱ्यासाठी शब्द टाकणे या अर्थाची आपली 'रदबदली'ही त्याच 'रद्द'ची लेक.

ग्रंथालयाने काहीच टाकू नये, असे आमचे म्हणणे नाही. वाळवीने खाल्लेल्या प्रती आणि बदललेल्या अभ्यासक्रमांची गाइडे जावीतच. (त्यांत आमच्यापैकी एकाने लिहिलेले गाइडही होते. तक्रार नाही.) पण यादीचा निकष एकच होता : दहा वर्षांत देवघेव नाही. संदर्भग्रंथ घरी न्यायला मिळतच नाही, मग त्याच्या कार्डावर तारीख पडणार कशी? या न्यायाने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही यादीत आला होता. १८३१ साली प्रथम छापलेल्या आणि १८५७ साली वाढवून काढलेल्या त्या कोशाची ही १९७५ची पुनर्मुद्रित प्रत. 'रद्दी' आणि 'रदबदली' हे शब्द विद्यार्थ्याने पाहावेत तर याच कोशात.

आम्ही लेखी रदबदली केली. विषयाच्या शिक्षकाने प्रत्येक पुस्तक हातात घेऊन पाहावे आणि टाकायची पुस्तके महिनाभर वाचनकक्षात उघडी मांडावीत, म्हणजे ज्याला हवे तो उचलील, एवढीच मागणी होती. उत्तर लवकर आले. कोश परत कपाटात ठेवला आहे. बाकी पुस्तकांचे वजन आदल्याच आठवड्यात झाले होते.