मेलेला कावळा आणि जागे शहर

मार्च 2025 मध्ये सोलापुरात सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलावाच्या परिसरात कावळे, घारी आणि बगळे मरून पडू लागले. तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याआधी जानेवारीत उदगीरमध्ये कावळे दगावले होते, तर डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघांचा आणि एका बिबट्याचा बर्ड फ्लूच्याच विषाणूने बळी घेतला होता. रोग पक्ष्यांपुरताच राहील, या भ्रमात कोणी राहू नये.

वस्तीत मान वाकडी झालेला, पंख ओढत भेलकांडणारा पक्षी दिसला की मुले धावत जातात, कोणी कळवळ्याने पाणी पाजायला उचलतो. हा कळवळा खरा असला, तरी हात लावणे धोक्याचे. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा, महापालिका किंवा पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवा. मेलेला पक्षी कचरापेटीत किंवा तलावात टाकू नका. हातमोजे, मास्क घालून, खोल खड्ड्यात चुना टाकून त्याची विल्हेवाट लावणे हे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचेच काम आहे.

साथीच्या काळातही नीट शिजवलेली अंडी आणि चिकन सुरक्षित असतात. अफवांनी कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडू नये. भीतीपोटी घरटी पाडणे, पक्ष्यांना दगड मारणे हाही उपाय नव्हे.

महापालिकेने प्रत्येक प्रभागात संपर्क क्रमांक ठळकपणे लावावा, सफाई कामगारांना संरक्षक साहित्य द्यावे. नागरिकांनीही वेळेवर कळवावे. साथ रोखण्याचे पहिले पाऊल तेच आहे.