टाचणीच्या पोटाखालचे लाल मणी आणि ग्रामपंचायतीची नोंदवही

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ठोसेघरला गेलो होतो. बातमी नेहमीचीच: गर्दी, पार्किंग, प्लॅस्टिक. ओढ्याकाठच्या दगडावर एक टाचणी बसली होती. टाचणी म्हणजे चतुराची बारीक अंगाची बहीण. मोबाइलवर फोटो काढला. घरी येऊन मोठा करून बघितला तर तिच्या अंगाखाली लाल मण्यांची रांग!

मला वाटलं, अंडी असतील. प्राणीशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "अंडी नव्हंत गड्या, कोळी हायत. पाण्यातलं."

"कुठल्या जातीचे?"

"फोटोवरनं कुणीबी सांगणार न्हाई. पकडून, सूक्ष्मदर्शकाखाली घालून बघायला लागतंय. आणि बघणारं माणूस शोधायला लागतंय, ते आणि येगळं."

हे शेवटचं वाक्य डोक्यातनं जाईना, म्हणून ही पोस्ट.

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदारांना लाल कोळी काय चीज आहे ते मी सांगायला नको. त्याचेच हे पाण्यातले लांबचे भाऊबंद. इंग्रजीत वॉटर माइट म्हणतात. एखाद-दोन मिलिमीटरचा जीव. पिल्लाला सहा पाय, मोठ्याला आठ. पिल्लू टाचणीसारख्या किड्याला चिकटून त्याच्यावर जगतं आणि किडा पुन्हा पाण्याशी आला की पाण्यात उतरतं. मोठं झाल्यावर स्वतः शिकार करतं. काही जाती तर डासाच्या अळ्याही खातात. पाणी बिघडलं की जे जीव लवकर कमी होतात, त्यांतही हे असतात.

जगात यांच्या सहा हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत. भारतातल्या पाणकोळ्यांवरचं मोठं पुस्तक लिहिलं डेव्हिड कुक या अमेरिकन अभ्यासकानं, १९६७ साली. आपल्या ओढ्यातले जीव मोजायला माणूस अमेरिकेतनं आला. त्याला साठ वर्षं होत आली. आपण त्यात किती भर घातली?

नवी प्रजाती जाहीर करणं म्हणजे फोटो टाकून "नवीन सापडलं" म्हणणं नव्हे. जाळीनं वाळू-शेवाळ चाळायचं, जीव वेचायचे, काचपट्टीवर एकेक अवयव मांडायचा, केस न् केस मोजायचा. आधी नावं मिळालेल्या सगळ्या भाऊबंदांशी ताडून बघायचं. मग शोधनिबंध. आणि ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो संग्रहालयात कायमचा जपून ठेवायचा. एका मिलिमीटरच्या जिवासाठी महिनोन् महिने जातात.

"एवढा उपद्व्याप कशाला?" असं कुणीतरी खाली लिहिणारच. "रस्त्यात खड्डे आहेत, उसाला दर नाही, आणि हा किड्यांवर लिहितोय."

तर ऐका. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार आहे. तिथल्या रंगीत गळ्याच्या सरड्याला २०१६ मध्ये नाव मिळालं, सारडा सुपर्बा. त्यातलं 'सारडा' हे आपल्या मराठी सरड्यावरूनच घेतलंय. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, याच पठारावरचा एक अभ्यास जगातल्या नामांकित नियतकालिकात छापून आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी दिसले आणि त्यांचं भक्ष्य असलेले सरडे वाढले. पवनचक्कीचा निसर्गावर काय परिणाम होतो, हे जगाला साताऱ्याच्या सरड्यानं सांगितलं. सरड्याला ओळखणारी माणसं होती म्हणून हे झालं.

खुद्द ठोसेघरचंही तेच. २०२१ मध्ये इथल्या एका टाचणीला नाव मिळालं, युफिया ठोसेघरेन्सिस. आपल्या गावाचं नाव जगाच्या यादीत गेलं. हजारो पर्यटक तिच्या शेजारी उभं राहून सेल्फी काढून गेले होते. बघितलं ते बघायची सवय असलेल्या मोजक्या लोकांनी.

ज्याला नाव नाही, तो कुठल्याच कागदावर येत नाही. पर्यावरण अहवालात नाही, जनसुनावणीत नाही, कोर्टात नाही. ओढा बुजवताना त्याची बाजू कोण मांडणार?

कागद मात्र आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि चुकल्यास राज्याला महिना दहा लाखांचा दंड सांगितला, तेव्हा धावपळ सुरू झाली. मी एका गावची नोंदवही बघितली. गावाचं नाव घेत नाही. आंबा, वड, गाय, म्हैस, मोर. गावाच्या मधून ओढा वाहतो, आणि पाण्यातल्या जिवांच्या पानावर दोन शब्द: "मासे, खेकडे."

वाघासाठी आपण जागे झालो. २०१० मध्ये कोयना-चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ मध्ये कासला युनेस्कोचा शिक्का मिळाला. चांगलंच झालं. पण ठोसेघरचं पाणी शेवटी कृष्णेला मिळतं. कोयना कऱ्हाडला मिळते, वारणा हरिपूरला. साताऱ्याच्या डोंगरात ओढा बिघडला तर तेच पाणी सांगलीच्या घाटापर्यंत येतं. मेलेले मासे तरंगायला लागल्यावर आपण बातमी करतो, मीही केलीय. पण मासा मरायच्या कितीतरी आधी बारके जीव निघून गेलेले असतात. ते होते हेच माहीत नसेल, तर गेलेले कळणार कसे?

म्हणून तीन साध्या गोष्टी. पुढच्या ग्रामसभेत नोंदवही मागा आणि ओढ्याचं पान उघडून वाचा. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी दरवर्षी दोन-चार मुलांना तरी गावच्या ओढ्यावर अभ्यासाला लावावं. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, नमुने दाखवायला फार लांब जायला नको. आणि या पावसाळ्यात धबधब्याला गेलात तर एक फोटो टाचणीचाही काढा. मोठा करून बघा. लाल मणी दिसले तर तारीख आणि ठिकाण घालून इथंच खाली टाका.

माझ्या फोटोतल्या कोळ्याला नाव मिळेल तेव्हा मिळेल. ते शोधणारं पोरगं मात्र आपल्याच एखाद्या गावचं असावं, एवढीच इच्छा.