शीघ्रगती दारे आणि मंदगती देखभाल

औषधांच्या कारखान्यात, शीतगृहात किंवा मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या शेडमध्ये लोखंडी पट्ट्यांच्या खडखडणाऱ्या शटरची जागा आता अनेक ठिकाणी जाड प्लॅस्टिक कापडाच्या पडद्याने घेतली आहे. फोर्कलिफ्ट समोर येताच हा पडदा सेकंदाला दीड-दोन मीटर वेगाने वर गुंडाळला जातो आणि गाडी आत शिरताच खाली येतो. कारखान्यात त्याला ‘हायस्पीड डोअर’ म्हणतात. मराठीत शीघ्रगती दार म्हणावयास हरकत नाही. तारापूर, वाळूज, चाकण किंवा गोव्यातील वेर्णा यांसारख्या औद्योगिक वसाहतींत अशी दारे आता नवलाईची राहिलेली नाहीत. दुर्दैवाने त्यांची नियमित देखभाल मात्र अजून नवलाईचीच आहे.

या दाराचा वेग ही कारखानदाराची चैन नव्हे. गोठविलेल्या मालाच्या शीतगृहातील तापमान उणे १८ अंशांवर राखावे लागते आणि बाहेर चाळीस अंशांचा उन्हाळा असतो. साधे शटर चढण्या-उतरण्यास पंधरा-वीस सेकंद घेते. तेवढ्या अवधीत उष्ण व दमट हवा आत घुसते, तिच्यातील बाष्पाचा बर्फ शीतयंत्राच्या नळ्यांवर आणि फरशीवर साचतो, विजेचे बिल चढते आणि निसरड्या फरशीवर हमालाचा पाय घसरतो. औषधनिर्मितीत प्रश्न अधिक नाजूक असतो. एका औषधाची भुकटी दुसऱ्या औषधात मिसळू नये म्हणून शेजारशेजारच्या खोल्यांतील हवेच्या दाबात दहा-पंधरा पास्कलचा फरक राखलेला असतो. दहा पास्कल म्हणजे पाण्याच्या अवघ्या एक मिलिमीटर थराचा दाब. पडद्याची कड फाटली किंवा तो फरशीला नीट टेकेनासा झाला, तर एवढा तोलही सांभाळणे कठीण होते. ज्याने तो कारखाना कधी पाहिलेलाही नाही, अशा रोग्याचा त्या फाटक्या कडेशी संबंध असतो तो असा.

असे दार किती राबते, याचा हिशेब कोणाही शाळकरी मुलास मांडता येईल. मिनिटाला एकदा उघडणारे दार दोन पाळ्यांच्या सोळा तासांत ९६० वेळा उघडते. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले, तर हा आकडा २ लाख ८८ हजारांवर जातो. घराचे दार दिवसातून वीस वेळा उघडले, तर एवढ्या उघडझापीस सुमारे ३९ वर्षे लागतील. म्हणजे घरातील दाराचे जवळजवळ चाळीस वर्षांचे आयुष्य हे दार एका वर्षात संपविते. मोटार, गिअरपेटी, ब्रेक, बेअरिंगे, पडद्याचा भार तोलणाऱ्या स्प्रिंगा किंवा पट्टे यांपैकी प्रत्येक भाग ठरावीक आवर्तनांपुरताच बनविलेला असतो. त्या आवर्तनांची मोजदाद बहुधा दाराच्या नियंत्रण-पेटीतच होत असते. ती वाचण्याची तसदी घेणारा मनुष्य तेवढा हवा असतो.

देखभाल म्हणजे काही गूढ शास्त्र नव्हे. पाळी सुरू होताना पाच मिनिटे दारापाशी उभे राहिले, तर निम्मे काम होते. पडद्याला चीर गेली आहे काय, दोन्ही बाजूंच्या खाचांत धूळ किंवा बर्फ साचला आहे काय, पडदा चढताना नेहमीपेक्षा वेगळा आवाज येतो काय, हे कोणताही जाणता कामगार पाहू शकतो. खाली येणाऱ्या पडद्याखाली एखादे रिकामे खोके ठेवावे आणि पडदा त्याला अडून परत फिरतो की नाही, हे पाहावे. आपत्कालीन बंद-कळ दाबून दार जागच्या जागी थांबते काय, याची खात्री करावी. वीज गेली असता हाताने दार उघडण्याची सोय नीट आहे काय, हेही पाहावे. कारण आग लागली की वीज जाते आणि त्या वेळी दाराची कळ शोधण्यास सवड नसते. ब्रेकची झीज, स्प्रिंगांचा ताण, तारांचे जोड, गिअरपेटीतील तेलाची गळती हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे आहे. ते त्याने उत्पादकाने नेमून दिलेल्या मुदतीत केलेच पाहिजे.

एवढे साधे काम होत का नाही, याचे उत्तर दाराच्या चौकटीवरील एका लहानशा डोळ्यात सापडते. दारात मनुष्य उभा असताना पडदा त्याच्या डोक्यावर कोसळू नये म्हणून चौकटीच्या एका बाजूस प्रकाशकिरण सोडणारा संवेदक आणि समोर तो किरण परतविणारी चकती बसविलेली असते. किरण अडला की दार बंद होत नाही. आता या डोळ्यावर धूळ बसली, तर दाराला वाटते की कोणी तरी उभे आहे आणि ते उघडेच राहते. रचनाकाराने हेतुपूर्वकच तशी योजना केलेली असते. चूक व्हावयाची तर ती सुरक्षिततेच्या बाजूने व्हावी, हे त्यामागील तत्त्व आहे. परंतु दार उघडे राहिले की आतील तापमान चढते, ट्रकांची रांग लागते आणि पर्यवेक्षकाचा आवाज वाढतो. मग कोणी तरी समोरची चकती काढून संवेदकाच्या तोंडाशीच बांधतो. किरण हातभर अंतरावरूनच परत येतो, दाराला वाट सदैव मोकळी दिसते आणि दार पूर्ववत चालू लागते. सर्वांना हायसे वाटते. पडद्याच्या खालच्या कडेत दाब ओळखणारी पट्टी असली, तरी ती अंगाला लागल्यावरच जागी होते. आणि तीही तपासलेली नसेल, तर त्या क्षणापासून दाराखालून जाणारा प्रत्येक मनुष्य केवळ दैवाच्या भरवशावर जातो.

येथे चकती बांधणाऱ्या कामगारास दोष देणे सोपे आहे. तो पुष्कळदा कंत्राटी असतो, त्याच्या पाळीचे उत्पादन मोजले जात असते आणि दार बंद पडल्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. रोज सकाळी कोणी स्वच्छ फडक्याने तो डोळा पुसला असता, तर त्याच्यावर ही पाळी आलीच नसती. सुरक्षित बाजूने झालेला बिघाड लगेच जाणवतो, म्हणून तो ‘त्रास’ ठरतो; धोक्याच्या बाजूने झालेला बिघाड कोणास जाणवत नाही, म्हणून तो ‘ठीक’ ठरतो. दार चालते आहे, अर्थात दार चांगले आहे, या समजुतीइतकी कारखान्यात दुसरी घातक समजूत नसेल. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे विषारी वायू सुटला, तेव्हा वायू जाळून टाकणारा ज्वालास्तंभ दुरुस्तीअभावी निकामी होता आणि टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. एका दाराची त्या संहाराशी तुलना करणे अनुचित होईल. परंतु संरक्षणाची साधने बंद असताना नित्याचे काम चालू ठेवण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच आहे.

कायद्याने या बाबतीत काही मार्ग पूर्वीच दाखविला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कारखान्यातील लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि भार उचलणाऱ्या यंत्रांची दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी आवश्यक केली होती आणि त्या तपासणीची नोंद ठेवण्याचे बंधन घातले होते. यांत्रिक दारांचा असा नावानिशी उल्लेख त्यात नव्हता. त्या काळी अशी दारेच नव्हती. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील कामगारांना नजीकच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्कही मिळाला. आता त्या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. लिफ्टला जो न्याय लावला, तोच दिवसातून हजार वेळा माणसांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या पडद्यास लावण्याची हीच वेळ आहे. जर्मनीतील कार्यस्थळांच्या नियमावलीत यांत्रिक दारांची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी अपेक्षिलेली आहे. ब्रिटनच्या १९९२ च्या नियमांनी अशा दारात माणूस अडकून इजा होणार नाही अशी योजना असलीच पाहिजे, असे बजाविले आहे. युरोपीय मानकाने तर अरुंद फटीत सापडलेल्या अंगावर क्षणमात्र पडणाऱ्या दाबालाही ४०० न्यूटनची, म्हणजे सुमारे चाळीस किलो वजनाच्या भाराची, मर्यादा घातली आहे.

यावर लहान कारखानदारांचा आक्षेप ठरलेला असतो. तपासण्या वाढल्या की कागद वाढतात, निरीक्षकांच्या फेऱ्या वाढतात आणि सुरक्षितता आहे तेथेच राहते, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. वार्षिक देखभालीचा करार केलेला असतो, तंत्रज्ञ ठरल्या दिवशी येतोही. परंतु ‘गाडी लागली आहे, नंतर या’ असे सांगून त्याला दाराजवळ फिरकू दिले जात नाही आणि संध्याकाळी त्याच्या अहवालावर मुकाट सही होते. असा अहवाल असून नसल्यासारखाच. तथापि त्यावरील उपाय तपासणी सोडून देणे हा नसून, तपासणीसाठी दार बंद ठेवण्याचा वेळ उत्पादनाच्या वेळापत्रकातच लिहून ठेवणे हा आहे. खर्चाचे म्हणाल, तर फडके आणि रिकामे खोके यांना पैसे पडत नाहीत. उलट भर उन्हाळ्यात शीतगृहाचे दार बंद पडून द्राक्षांनी किंवा मासळीने भरलेला ट्रक तास-दोन तास बाहेर तिष्ठत राहिला, तर होणारे नुकसान एका तपासणीच्या खर्चात भागणारे नसते.

यासाठी तीन गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. नव्या संहितेखालील नियमांत यांत्रिक दारांचा नावानिशी उल्लेख होऊन तपासणीची मुदत ठरावी. प्रत्येक दाराशेजारी साधी मराठी नोंदवही टांगलेली असावी आणि तीत तारीख, आवर्तनांचा आकडा, आढळलेला दोष व तपासणाऱ्याचे नाव रोजच्या रोज लिहिले जावे. कार्यालयातील हजेरीपट जितक्या कसोशीने राखला जातो, तितक्याच कसोशीने ही वहीही राखता येईल. आणि दोष दिसल्यास दार बंद करण्याचा अधिकार त्या दाराशी काम करणाऱ्यास असावा. त्याने तो वापरला म्हणून त्याच्या मजुरीस कात्री लागणार नाही, अशी लेखी हमी व्यवस्थापनाने द्यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना यंत्र जोडण्याइतकेच ते तपासण्याचे आणि तपासणी प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याचेही शिक्षण मिळाले, तर हे काम करणारी माणसेही तयार होतील.

वेगवान दारे विकत घेण्याची ऐपत आपल्या उद्योगांत आली, ही समाधानाची गोष्ट आहे. ती दारे ज्यांच्या डोक्यावरून चढतात-उतरतात, त्यांच्यासाठी दिवसाची पाच मिनिटे काढण्याची ऐपतही आता दिसली पाहिजे.