पशुरोगांची राष्ट्रीय प्रयोगशाळा विदर्भात का हवी?

मेडशीतल्या एखाद्या शेडमध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर बर्ड फ्लूवर शेवटचा शिक्का भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचा. तोवर पोल्ट्रीवाला ताटकळतो.

उशीर किती? डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात ३ वाघ, १ बिबट्या दगावले. भोपाळचा अहवाल येईपर्यंत नवे वर्ष उजाडले.

विदर्भाकडे काय आहे? नागपुरात पशुविज्ञान विद्यापीठ, मेडशीहून जवळच अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था. नागपूरच्याच राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली.

म्हणजे तज्ज्ञ आहेत, जंगलाला लागून गोठेही आहेत. त्यांच्या जोडीला पशुरोगांची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा द्या. विदर्भाच्या खासदारांनी ही मागणी पुढची साथ येण्याआधी दिल्लीत लावून धरावी.